'२८ इयर्स लेटर'वर लोकांचं एकमत का होत नाही?

२० जून २०२५ ला डॅनी बॉयलचा '२८ इयर्स लेटर' थेटरात लागला आणि पहिल्याच विकेंडला बघणाऱ्यांचे सरळ दोन गट पडले. एक गट म्हणतोय इतका जिवंत हॉरर कित्येक वर्षांत बघितला नव्हता, दुसरा म्हणतोय पैसे परत द्या, आम्ही झॉम्बी बघायला आलो होतो आणि तुम्ही आईच्या आजारपणाची गोष्ट दाखवली. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या साइटवर समीक्षकांचा आकडा ९० च्या जवळ, तिथंच प्रेक्षकांचा ६५ च्या आसपास, आयएमडीबीवर साडेसहाच्या आगेमागे, आणि अमेरिकेत पहिल्या रात्री बघून बाहेर पडलेल्यांची सिनेमास्कोर ग्रेड बी. हे सगळं एकाच सिनेमाबद्दल चाललंय, त्यामुळे ज्याने अजून बघितला नाही त्याला काहीच कळत नाही की जावं का नको.

मला हा सिनेमा मनापासून आवडला, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्यांना नाही आवडला त्यांना अक्कल नाही असं जे काही फॅन म्हणत सुटलेत ते मला अजिबात पटत नाही, कारण नीट ऐकलं तर कळतं की हे सगळे एकाच गोष्टीला मार्क देत नाहीयेत. कोणी ट्रेलरशी तुलना करतंय, कोणी याच मालिकेतल्या २००२ च्या पहिल्या सिनेमाशी, म्हणजे '२८ डेज लेटर'शी, कोणी फक्त शेवटच्या पाच मिनिटांवर चिडलंय. हे सगळं सुटं करून बघूया. पुढे स्टोरी पूर्ण उघड केली आहे, शेवटासकट, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून या.

आधी आकड्यांचं बघू, कारण अर्धा घोळ तिथंच आहे. रॉटन टोमॅटोजवरचे ९० टक्के म्हणजे समीक्षकांनी सिनेमाला शंभरपैकी ९० मार्क दिले असं नव्हे. शंभर समीक्षकांपैकी साधारण नव्वद जणांनी 'एकूणात चांगला' अशा बाजूने लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यातला एखादा वेडा झालेला असेल आणि दुसरा नुसता 'ठीक आहे, बघा' म्हणणारा असेल, दोघांचं वजन सारखंच. प्रेक्षकांच्या आकड्याचंही तसंच, पाचपैकी साडेतीन किंवा जास्त स्टार दिले की तुम्ही 'आवडला'मध्ये गेलात, तीन दिले की 'नाही आवडला'मध्ये. आता समजा दहा जणांनी एक सिनेमा बघितला आणि दहाच्या दहा जणांनी साडेतीन स्टार दिले, म्हणजे कोणालाच फार काही वाटलं नाही, तर आकडा येणार १०० टक्के. दुसऱ्या सिनेमाला त्याच दहा जणांपैकी सहा जणांनी पाचपैकी पाच दिले आणि चौघांनी चिडून एकच स्टार दिला, तर आकडा येणार ६० टक्के. सरासरी काढली तर पहिल्याची ३.५ आणि दुसऱ्याची ३.४, म्हणजे जवळपास सारखीच, पण टक्क्यांत बघणाऱ्याला पहिला सिनेमा अप्रतिम आणि दुसरा पडेल वाटणार. '२८ इयर्स लेटर' हा मला त्या दुसऱ्या जातीचा वाटतो, कारण याच्याबद्दल 'बरा होता' म्हणणारी माणसं कमी भेटतात, जो तो एक तर भारावलेला नाही तर वैतागलेला.

सिनेमास्कोरची पद्धत आणखी वेगळी. लास वेगासची ही कंपनी १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, पहिल्या रात्री थेटरमध्ये येणाऱ्यांकडून कार्ड भरून घेतात आणि ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड काढतात. पहिल्या रात्री कोण जातं? ज्याला जायचंच आहे तो, म्हणजे ट्रेलर बघून काहीतरी पक्कं डोक्यात घेऊन गेलेला माणूस. त्यामुळे ही ग्रेड 'सिनेमा किती चांगला' यापेक्षा 'जे वाटलं होतं ते मिळालं का' हे जास्त सांगते. हॉररला इथं ए मिळणं मुळातच अवघड, कारण माणूस अस्वस्थ होऊन बाहेर पडतो आणि त्याच अस्वस्थ मनाने कार्ड भरतो. त्या हिशोबाने हॉररला बी ही ग्रेड अजिबात वाईट नाही, उलट बरीचशी चांगली आहे, पण कॉलेजच्या मार्कशीटसारखं बघणाऱ्याला ती साधारण वाटते.

आता 'वाटलं काय होतं' याच्याकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मी नाराजी इथून आली. डिसेंबर २०२४ मध्ये पहिला ट्रेलर आला आणि त्याने लोकांची झोप उडवली. त्यात मागे एक जुना आवाज कविता म्हणतोय, बूट, बूट, बूट, चालत राहा असं काहीतरी, एका सुरात सुरू होतो आणि हळूहळू ओरडायला लागतो. ती रुडयार्ड किपलिंगची १९०३ ची 'बूट्स', म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धात मैलोनमैल चालून डोकं फिरायला लागलेल्या इंग्रज शिपायाचं बोलणं, आणि टेलर होम्स नावाच्या अमेरिकन नटाने १९१५ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग. किपलिंग आपल्या मुंबईतच जन्मला, १८६५ मध्ये, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, वडील तिथं शिकवायचे. असो. त्या ट्रेलरमध्ये आवाज, कट, पळणारी माणसं, हाडांचे मनोरे हे सगळं असं बसवलंय की बघणाऱ्याला पक्कं वाटावं की दोन तास श्वास घ्यायला मिळणार नाही. शिवाय गवतातून उठणारा एक हाडकुळा माणूस दिसला आणि लोकांनी ठरवूनच टाकलं की हा पहिल्या सिनेमातला हिरो किलियन मर्फी, तो झॉम्बी झालाय. तो मर्फी नव्हताच. पण बरेच लोक त्या आशेवर होते, आणि एवढी आशा घेऊन आत गेलेला माणूस बाहेर येताना काही ना काही हिशोब मागणारच.

प्रत्यक्षात सिनेमात काय मिळतं? पहिला तासभर जवळपास ट्रेलरमध्ये सांगितलेलंच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ एक बेट आहे, शूटिंग खरोखरच नॉर्थम्बरलंडच्या होली आयलंडवर झालंय, तिथं जायचा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो आणि ओहोटीत उघडा पडतो. त्या बेटावर व्हायरसच्या साथीतून वाचलेले लोक गाव करून राहतायत, पूर्ण ब्रिटन क्वारंटाईनमध्ये, बाकीचं जग नेहमीसारखं चालू आणि समुद्रात गस्त घालणारी जहाजं. बारा वर्षांच्या स्पाइकला त्याचा बाप जेमी धनुष्यबाण देऊन पहिली शिकार करायला त्या रस्त्याने पलीकडे घेऊन जातो, आणि परतताना भरतीच्या पाण्यातून बापलेक जीव तोंडात धरून पळतायत आणि मागे तो धिप्पाड अल्फा, म्हणजे संसर्ग झालेल्यांचा म्होरक्या, धावतोय, तो सीन मोठ्या पडद्यावर ज्याने बघितला त्याला विचारा. या पहिल्या भागाबद्दल जवळपास कोणाचीच तक्रार नाही. दोन्ही गट इथपर्यंत एकत्र आहेत.

फाटा फुटतो तो इथून पुढे. बेटावर आल्यावर बाप दारूच्या नशेत पोराच्या पराक्रमाच्या खोट्या गोष्टी सांगतो, घरात आजारी बायको असताना दुसरीकडे जातो, आणि पोराच्या मनातून उतरतो. मग स्पाइक आपल्या आईला, आयलाला, घेऊन एकटाच पलीकडे निघतो कारण त्याला कळलेलं असतं की तिकडे डॉक्टर केल्सन नावाचा कोणीतरी डॉक्टर आहे. इथं सिनेमाचा वेग उतरतो. डॉक्टर भेटतो, राल्फ फाइन्सने काय काम केलंय ते, अंगाला आयोडीन फासलेला, वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांची हाडं साफ करून त्यांचा मनोरा रचत बसलेला, संसर्ग झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही, फरक न करता. तो आईला तपासतो आणि सांगतो की हा कॅन्सर आहे, सगळीकडे पसरलाय, उपाय नाही. आई स्वतः मरण निवडते. पोरगा तिची कवटी घेऊन मनोऱ्याच्या टोकावर चढतो आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून ठेवतो.

आता बघा, झॉम्बीपासून जीव वाचवण्याच्या गोष्टीत आईला झॉम्बी मारत नाहीच, साध्या आजारपणाने ती जाते. ज्याला हे भिडलं त्याच्यासाठी सगळा सिनेमा इथं उभा राहिला, कारण आपल्यापैकी कित्येकांनी आईबापाचे रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरसमोर बसलेलं आहे आणि 'आता काय' हा प्रश्न विचारलेला आहे, आणि जगबुडी झाली तरी तो प्रश्न तसाच राहतो. मी बघितला तेव्हा इथं थेटरात शेजारची बाई हुंदके देत होती आणि मागच्या रांगेतली दोन पोरं मोबाइल काढून बसली होती, एकाच वेळी, आणि मला दोघांचंही वागणं खरं वाटलं. ती पोरं अल्फा कधी येतोय याची वाट बघत होती. त्यांना तेच सांगून आत आणलं होतं. 'मधे सिनेमा झोपला' ही जी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते ती पटकथा वाईट म्हणून आलेली नाही, मधेच सिनेमाने आपली जात बदलली म्हणून आलेली आहे, आणि माझ्या मते अॅलेक्स गार्लंडने लिहिताना हा धोका समजून उमजून घेतलाय. आपल्याकडे २०२२ ला आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' आला तेव्हा हा प्रश्न नव्हता, डोंबिवली, पाण्याची बोंब, हसायचं आणि घाबरायचं दोन्ही, हे सगळं आधीपासूनच माहीत होतं, जे सांगितलं ते दिलं. इथं जे सांगितलं त्यापेक्षा वेगळं दिलं, मला ते जास्त मोलाचं वाटलं, पण वेगळं होतं हे मान्यच करायला पाहिजे.

दुसरी मोठी तक्रार आहे लॉजिकची, आणि ही करणारे बहुतेक सगळे पहिल्या सिनेमाचे कट्टर फॅन. त्यांचं म्हणणं समजायला जरा मागे जावं लागतं. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोने जो झॉम्बी पडद्यावर आणला तो मेल्यावर पुन्हा उठलेला, संथ चालणारा, संख्येने भारी पडणारा माणूस. २००२ च्या '२८ डेज लेटर'ने ते सगळं उलटं केलं. त्यातली माणसं मेलेलीच नाहीत, त्यांना रेज नावाचा व्हायरस झालाय, रक्ताचा थेंब डोळ्यात गेला की काही सेकंदांत माणूस गेला कामातून, आणि ते जीव खाऊन पळतात. जिवंत असल्यामुळे त्यांना भूक लागते, आणि पहिल्या सिनेमाचा सगळा शेवटच यावर आहे की खायला न मिळाल्यामुळे ते काही आठवड्यांत उपाशी मरायला लागलेत. मग २८ वर्षांनी ते अजून जिवंत कसे? प्रश्न अगदी रास्त आहे. सिनेमा त्याचं उत्तर देतो पण समजावून सांगत बसत नाही, दाखवतो. जमिनीवर सरपटणारे जाडे संसर्गित गांडुळं खाताना दिसतात, दुसरे कळप करून हरणं मारतात, अल्फा त्यांचा म्होरक्या आहे, एक संसर्गित बाई चक्क बाळंत होते आणि बाळ निरोगी निघतं. म्हणजे व्हायरस आणि शरीर दोघांनी एकमेकांशी जुळवून घेतलंय, जे तसं जगले तेच उरले. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. खऱ्या आयुष्यातही आजार आणि ज्याला आजार होतो तो, दोघं वर्षानुवर्षं बदलत राहतात.

पण पॅरिसच्या बाबतीत फॅन्सचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. २००७ च्या '२८ वीक्स लेटर'च्या शेवटी संसर्गित लोक पॅरिसमध्ये पळताना स्पष्ट दाखवलेत, आयफेल टॉवर समोर. लोकांनी अठरा वर्षं तो शेवट डोक्यात ठेवला, युरोपभर व्हायरस पसरला असेल म्हणून अंदाज बांधले. आणि नव्या सिनेमात सुरुवातीला एका ओळीत मजकूर येतो की युरोपातून व्हायरस मागे हटवला, आता फक्त ब्रिटन बंद आहे. संपलं. त्या सिनेमाचा दिग्दर्शक वेगळा होता, बॉयल आणि गार्लंडला स्वतःची गोष्ट बेटापुरती हवी होती, ब्रिटन जगापासून तुटलेला दाखवायचा होता, ब्रेक्झिटचा विचार त्यामागे होता हे बॉयल स्वतः बोललाय, ते सगळं समजतं. तरी ज्यांनी प्रेमाने इतकी वर्षं ते जग जपलं त्यांना एका ओळीत गुंडाळणं बरोबर नाही.

तुटलेल्या ब्रिटनचा जो मुद्दा आहे तो मात्र काय छान पेरलाय. गावाच्या हॉलमध्ये भिंतीवर तरुण राणी एलिझाबेथचा फोटो, सेंट जॉर्जचा लाल क्रॉसचा झेंडा, मुलं धनुष्यबाण शिकतायत, मधेमधे १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ'मधले तिरंदाजांचे शॉट घुसतात. वेळ २००२ ला थांबलाय. मग एक स्वीडिश सैनिक भेटतो, जहाज बुडाल्यामुळे अडकलेला, तो स्पाइकला मोबाइलमध्ये आपल्या गर्लफ्रेंडचा फोटो दाखवतो, ओठ फुगवून घेतलेली, आणि पोरगा विचारतो हिला झालंय काय. एका छोट्या सीनमध्ये कळतं की बाहेरचं जग कुठे गेलं आणि हे कुठे राहिले. इंग्लंडमधल्या बघणाऱ्याला हे सगळं घरचं वाटतं, आपल्याकडच्या माणसाला ते नुसतं सजावटीसारखं दिसू शकतं, त्यामुळे इथले काही जण म्हणतात की मधेच जुन्या सिनेमाचे तुकडे कशाला, तर त्यांचंही चुकत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. बराचसा सिनेमा आयफोन १५ प्रो मॅक्सवर शूट झालाय हे कळल्यावर बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, ६ कोटी डॉलरचं बजेट आणि मोबाइलवर शूटिंग? पण पहिला सिनेमाही कॅमेरामन अँथनी डॉड मँटलने कॅनन एक्सएल१ या साध्या डिजिटल कॅमेऱ्यावरच घेतला होता, कारण रिकामं लंडन दाखवायला पहाटे काही मिनिटंच रस्ता अडवून मिळायचा आणि तेवढ्यात अनेक कॅमेरे एकदम लावायचे होते. तोच मँटल इथंही आहे. इथं तर वीस आयफोन एका अर्धगोल रिगवर बसवलेत, त्यामुळे बाण लागल्या क्षणी चित्र थबकतं आणि कॅमेरा झटक्यात बाजूला सरकतो. मोबाइल असला तरी पुढे सिनेमाच्या लेन्स वगैरे सगळा सरंजाम होता. तो झटका काहींना व्हिडिओ गेमसारखा वाटला, मला पहिल्या दोन-तीन वेळा अंगावर आला आणि नंतर जरा जास्त झाला.

आणि आता शेवट. सगळ्यात जास्त भांडण यावर. आईला निरोप देऊन, बाळाला बेटाच्या दारात ठेवून स्पाइक एकटा फिरतोय, संसर्गित मागे लागतात, आणि अचानक रंगीत ट्रॅकसूट, लांब पिवळे केस, गळ्यात सोन्याच्या माळा अशी एक टोळी कोलांट्याउड्या मारत येते आणि सगळ्यांना कापून काढते. त्यांचा म्होरक्या जिमी, म्हणजे सिनेमाच्या अगदी पहिल्या सीनमध्ये टीव्हीवर टेलेटबीज हा छोट्या मुलांचा कार्यक्रम बघत बसलेला आणि डोळ्यांदेखत घरच्यांना गमावलेला तोच पोरगा. आणि सिनेमा संपतो! आपल्याकडे थेटरात लोकांनी एकमेकांकडे बघितलं, हे काय होतं म्हणून. रडवून झाल्यावर एकदम मारामारीचा तमाशा, आवाजाचा सूरच वेगळा.

हा शेवट ब्रिटिश माणसाला दिसतो तसा आपल्याला दिसत नाही, ही मला या सगळ्या वादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. तो पिवळा केशसंभार, तो ट्रॅकसूट, ते दागिने हा जिमी सॅव्हिलचा अवतार आहे. सॅव्हिल हा बीबीसीवरचा प्रचंड लोकप्रिय माणूस, मुलांच्या कार्यक्रमाचा चेहरा, समाजसेवक म्हणून नाव, राणीकडून 'सर' ही पदवी मिळालेली. २०११ मध्ये तो मेला आणि २०१२ मध्ये उघड झालं की त्याने दशकानुदशकं शेकडो लोकांवर, त्यात कित्येक लहान मुलं, लैंगिक अत्याचार केले होते, हॉस्पिटलांतसुद्धा. ब्रिटनमध्ये ते नाव काढलं तरी लोकांच्या अंगावर काटा येतो. आता सिनेमाच्या जगात सगळं २००२ ला बुडालं. म्हणजे तिथं सॅव्हिलचं खरं रूप कधी बाहेर आलंच नाही. त्या आठ वर्षांच्या पोराच्या आठवणीत तो अजून टीव्हीवरचा गोड माणूसच आहे, आणि त्याने त्याच्यावरून स्वतःचा पंथ उभा केलाय. ब्रिटिश प्रेक्षकाला त्या क्षणी कळतं की स्पाइकला वाचवायला जे आलेत ते झॉम्बींपेक्षा भयानक आहेत. आपल्याला दिसतात ते नुसते रंगीत कपड्यातले विचित्र लोक. मग 'शेवट फालतू होता' आणि 'शेवट बघून हादरलो' ही दोन्ही मतं प्रामाणिक आहेत, एकाला संदर्भ माहीत होता आणि दुसऱ्याला नव्हता. अर्थात संदर्भ माहीत असलेल्यांतही काही जण चिडलेच, एवढ्या खऱ्या आणि दुखऱ्या गोष्टीचा असा वापर करू नये म्हणून, आणि ज्यांच्या घरात त्याची झळ पोचली असेल त्यांना हे कोणी समजावू नये.

त्यात आणखी एक व्यवहाराची गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नव्हती. पुढचा भाग 'द बोन टेम्पल' याच्या लागोपाठच शूट झाला होता, दिग्दर्शक निया डाकोस्टा, आणि तो जानेवारी २०२६ ला आला. म्हणजे जो शेवट म्हणून लोकांनी बघितला तो खरं तर पुढच्या भागाकडे नेणारा सीन होता. ट्रेलरवर, पोस्टरवर हे ठळक लिहिलं असतं तर निम्मे लोक चिडले नसते. तुम्ही आत्ता बघणार असाल तर दोन्ही भाग एकापाठोपाठ लावा, जिमी आला की लगेच पुढचा सुरू करा, थेटरात बघणाऱ्यांना मधे जे सात महिने लटकत राहावं लागलं ते तुमच्या वाट्याला येणार नाही.